कोरी वडी

पाहुण्या बाईंनी एका हातात साबणाची कोरी वडी धरली आणि दुसऱ्या हातात झिजून चपटी झालेली, केस चिकटलेली, भेगांत काळा मळ साचलेली. "मुलींनो, लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या हातात यातली कुठली वडी ठेवणार?" सभागृहातल्या मुली खुसखुसल्या. दाराशी उभ्या असलेल्या शाळेच्या नर्सने मात्र तोंड फिरवलं. असली घाण वडी बाईंनी पैदा कुठून केली, आणि शाळाशाळांतून ती मिरवताना त्यांना स्वतःचीच शिसारी कशी येत नाही, हे तिला कळेना.

दरवर्षीचा हा तमाशा. प्रश्न विचारायचे नाहीत, उत्तर एकच: लग्नापर्यंत संयम. नर्सनेही याउपर अवाक्षर काढायचं नाही, अशी ताकीद होती. वर मुख्याध्यापक छाती फुगवून सांगत, "आपल्याकडे आजवर एकही प्रकरण नाही!" कसं असणार? मुलींची तोंडं आधीच शिवून ठेवलेली.

तेवढ्यात एक मुलगी पोट धरून बाहेर पडली. दहावीतली, आवाज इतका बारीक, की वर्ग तिला चिमणी म्हणे. नर्सने तिला आपल्या खोलीत नेऊन आडवं केलं. अंग भाजत होतं. ओटीपोटाला हात लागताच ती कळवळली.

"कधीपासून दुखतंय गं?"

"झाले दोनेक महिने." चिमणीने भिंतीकडे तोंड फिरवलं. "सिस्टर, एक मुलगा होता... मी माझ्या मनानेच गेले होते. आता अंगावरून घाण पाणी जातं."

"मग माझ्याकडे का नाही आलीस?"

"मागच्या वर्षी पण ती वडी दाखवली होती ना. मला वाटलं, असंच होत असणार. खराब झालेल्याला औषध कशाला द्यायचं?"

नर्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पर्स उचलली आणि चिमणीला खांद्याला धरून उठवलं. व्हरांड्यातच मुख्याध्यापक पाहुण्या बाईंना चहाला नेताना भेटले.

"कुठे निघालात? फोटो व्हायचाय अजून."

"हिला ताप आहे. दवाखान्यात नेते."

सरांनी चिमणीने पोटावर दाबलेला हात पाहिला आणि काय ते ओळखलं. "मागच्या फाटकाने न्या," ते हळूच म्हणाले. "आणि तिथे शाळेचं नाव काढू नका."

त्यांच्या बुटांवर थुंकावं असं तिला वाटलं. ती पुढच्या फाटकाने गेली.

दवाखान्यात सलाईन लागलं. चिमणीची आई फोन ऐकून निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी नर्सला बाजूला घेतलं. "वेळेवर आली असती तर गोळ्यांवर भागलं असतं. आता संसर्ग आत पसरलाय. पुढे मूलबाळ होईल की नाही, आज सांगता येत नाही."

नर्स परत खाटेशी आली. चिमणी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"सिस्टर, तुम्हाला दोन मुलं आहेत ना?"

"आहेत की."

"मग तुम्ही अशा स्वच्छ कशा राहिलात?"

थट्टा नव्हती ती. पोर खरंच विचारत होती.

नर्सने स्टूल खाटेला भिडवलं आणि पाळी का येते इथपासून सुरुवात केली. आवाज चोरला नाही, काही वगळलं नाही. थोड्या वेळाने शेजारच्या खाटेवरची बाईही कूस बदलून ऐकू लागली.