खालून धरणारं माणूस

दत्ताराम खवणेकराच्या होडीला पुढच्या अंगाला तळ उरला नव्हता, आणि तरीही ती जेटीला लागून पाण्यावर मजेत उभी होती.

हे त्याला कळलं ते सकाळी, भरती पुरी भरल्यावर. होडी फायबरची, तेरा वर्षं वापरलेली. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, डेकवर स्टीलचा दोन शिंगांचा खुंटा, ज्याला होडीचा दोर बांधायचा, तो हलायला लागला होता. पडत्या दाताला जीभ लावावी तसा दत्ताराम महिनाभर त्याला हात लावून बघत होता. शेवटी त्याने तो उपटला. खाली चार भोकं, आणि भोकांच्या कडेने फायबरच्या आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. ते त्याने कोरून काढलं, आठवडाभर उन्हात सुकवलं, जागा राळेने भरून घेतली, राळ दगडासारखी झाल्यावर पुन्हा चार भोकं पाडली. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

मग त्याने पहिला बोल्ट वरून भोकात सोडला आणि खाली नट लावायला म्हणून पुढच्या कप्प्याच्या झाकणातून हात घातला. एरवी कोपरापर्यंत गेला की बोटं तळाला टेकायची. आज कोपर गेलं, दंड गेला, खांदा झाकणाच्या कडेला अडकला, मुठीतले नट खाली सुटले, आणि बोटांना नुसता थंड वारा लागला. वाऱ्याला बुक्क्याचा वास होता. फार खालून टाळ वाजत होते.

दत्ताराम घाबरला नाही. कुणीतरी आपल्या घरात दिवा लावून ठेवलाय असं दुरून दिसावं, तसं त्याला वाटलं.

"कोण आसा थंय?" त्याने भोकाला तोंड लावून विचारलं.

"हळू बोला वो," खालून आवाज आला. "कीर्तन चालू आसा."

आवाज शेवंतीचा होता. त्याची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

असल्या कामाला दोन माणसं लागतात हे होडीवाल्या कुणालाही विचारा. वरच्याने पेचकस लावून बोल्टचं डोकं गच्च धरायचं, फिरू द्यायचं नाही. खालच्याने पान्याने नट फिरवायचा. म्हणजे बोल्टच्या अंगाला लावलेलं सीलंट मोडत नाही आणि पाणी आत उतरत नाही. खवणेकरांच्या होडीवर खालचं माणूस नेहमी शेवंती. कप्प्यात ती अंग चोरून बसायची, काम करताना कीर्तनात ऐकलेलं पद गुणगुणायची, आणि वर दत्ताराम म्हणायचा, "गाणा नको गो, आटप, पाणी उतारता."

ती गेल्यावर त्याने दुसऱ्या कुणाला खाली बसवलं नाही. खाली नटाला पकड लावून ठेवायचा आणि वर येऊन बोल्टच फिरवायचा. काम व्हायचं, पण बोल्ट फिरला की सीलंट तुटायचं. तीन पावसाळ्यांचं पाणी त्या वाटेने आत गेलं होतं. खुंटा ढिला झाला तो त्याच्या या हट्टाने. हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"नट गावलो तुका?" त्याने विचारलं.

"मियां धरलंय. तुमी वरसून धरा. मी फिरवतंय."

त्याने पेचकस धरला. पहिला बोल्ट घट्ट झाला. चार बोटांचा तो बोल्ट खाली किती हात लांब झाला होता कोण जाणे, पण प्रत्येक फेऱ्याला एका आट्याने आखडत होता. टाळांचा आवाज जवळ आला, आणि एक भोक बंद झालं म्हणून तेवढाच दबला. दुसऱ्या बोल्टला मृदंग जवळ आला आणि दबला. तिसरा घट्ट होताना बुवांचा श्वास ऐकू यायला लागला, पण शब्द कळेनात.

चौथ्या भोकाला त्याने डोळा लावला.

खाली गावच्या देवळाचा सभामंडप होता. डाव्या अंगाला चटईवर बायका. शेवंती खांबाला टेकून बसलेली, डोक्यात अबोलीचा वळेसर, मांडीवर पाना. तिची नजर बुवांवर, आणि हात वरच्या दिशेला, तिन्ही बोल्टांचे नट सवयीने चाचपत असलेले. बुवा उपरणं सावरत पुढे आले, चिपळ्या थांबल्या, आणि सगळा मंडप पुढच्या वाक्यासाठी थोडा वाकला. शेवंतीही वाकली. तिचं तोंड असं उजळलेलं त्याने कधी बघितलंच नव्हतं, कारण तो नेमका याच वेळेला उठून जायचा.

"काय सांगतत बुवा?" त्याने विचारलं.

"तुमका काय त्याचा?" ती हसली. "उत्तररंग लागलो की तुमी उठलात. तेवीस वर्षां. माका एकटीक घराकडे येवचा लागा."

"पाणी थांबणा नाय गो कोणासाठी."

"मगे आता तरी खंय थांबलाहा?"

जेटीवर अंकुश गिरकर उभा होता. शेजारच्या होडीचा मालक, दत्तारामाच्या बरोबरीचा. खुंटा नाही म्हणून होडीचा दोर सकाळपासून त्यानेच हातात धरून ठेवला होता.

"काय रे दत्ताराम, खुंटो बसयतंस काय खुंट्याची पूजा घालतंस?"

"खाली शेवंती आसा."

"बरा. मगे सांग तिका, जरा जोर लाव म्हणान. ओहोटीची ओढ लागली. माझे हात भरान इले."

खरंच ओढ लागली होती. पाणी खाडीच्या तोंडाकडे निघालं होतं. जेटीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत होत्या, आणि सकाळपासून होडीचं डेकही तोकडं होत होतं. मघा दत्ताराम त्यावर पाय पसरून बसला होता. आता गुडघे पोटाशी घ्यावे लागले. मागचं इंजिन हाताच्या अंतरावर आलं होतं. जागा उरली होती ती खुंट्याची आणि त्याची.

त्याने चौथ्या बोल्टच्या मानेला सीलंट फासलं. भोकावर धरला. सोडेना.

"सोडा मा," शेवंती म्हणाली.

"ह्यो बसलो की तुझो आवाज येवचो नाय."

"पण मी येतलंय. डेकाक खालसून लागान आसतलंय. चार बोटांवर."

"वर ये गो."

"वाट खंय आसा वर येवक?"

चार बोटांवर, राळेच्या पलीकडे, काही ऐकू न येता. नाहीतर हे एवढंसं भोक, त्यातून दिसणारं तिचं तोंड, आणि होडी दर्याच्या हवाली. त्याने दोन्ही नीट तोलून बघितलं. दोन्हींत ती होती आणि दोन्हींत नव्हती.

"दत्ताराम!" अंकुश ओरडला. त्याचे पाय जेटीवरून घसरत होते. "एक तर खुंट्याक दोर घाल, नाय तर सांग, सोडतंय!"

बोल्ट त्याच्या बोटांतून सुटला. खाली कुणीतरी तो अलगद झेलला. खालून नट लागल्याचा बारीक थरथराट वर आला आणि बोल्टच्या डोक्यातून पेचकसात, पेचकसातून मनगटात चढला.

"धरा," शेवंती म्हणाली. आवाज आत्ताच जरासा दबला होता. "गच्च धरा. फिरवतंय."

त्याने दोन्ही मुठींनी पेचकस धरला. धरून ठेवला तर ती येणार आणि भोक मिटणार. सोडला तर बोल्ट तिच्या हाताबरोबर नुसता गरगरणार, आणि ती तिथेच, खोल. खालून पाना फिरला. दत्तारामाने पेचकस सोडला नाही, अडवलाही नाही. पान्याबरोबर त्याचं मनगट वळलं, मग कोपर, मग तो पालथा पडला आणि अख्खा देह खुंट्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा सरकू लागला. भोक बंद झालं नाही. नट चढला नाही.

"अवो, धरलाहा मा?" तिने विचारलं.

"धरलंय," तो म्हणाला.

"सोडलंय रे!" अंकुशचा आवाज आला, आणि दोर पाण्यावर आपटला.

होडीही त्याच्याबरोबर वळायला लागली. खालून बुवांचं पुढचं वाक्य आलं, स्पष्ट, अक्षरन् अक्षर, आणि त्याने ते सबंध ऐकलं. जेटी आली, गेली. देवळाचा कळस आला, गेला. खाडीचं तोंड आलं, गेलं. जेटी आली, अंकुशएवढी उरलेली, आणि गेली. कळस आला. खाडीचं तोंड फार रुंद होऊन आलं. मग जेटी यायची होती तिथे पाणीच आलं, आणि गेलं.