मानेवरची सूज

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. माझ्या दोन पोलादी जबड्यांत जनावराची कातडी धरायची आणि तिची जाडी सांगायची, एवढंच माझं काम. आता गंजलो आहे, पण दुष्काळातली ती ढवळी गाय माझ्या मनातून जात नाही.

साल बहात्तर. मिरजगावजवळच्या छावणीत गावोगावची जनावरं दाटीवाटीने बांधली होती. कुठे ना कुठे एखादं खोकतच असे. मला तो आवाज आवडत नसे. जनावरांचे डॉक्टर शामकांत यांना क्षयाची शंका आली. क्षय ओळखायच्या दोन चाचण्या होत्या. एकीत तपासणीचं औषध शेपटीच्या मुळाशी टोचायचं, दुसरीत मानेवर. तिसऱ्या दिवशी जागा सुजली, तर आजार आहे असं समजायचं. शेपटीची चाचणी झटपट व्हायची. मानेची भारी कटकटीची. गाय मान झटकायची आणि मी जीव मुठीत धरून असायचो. कोणती जास्त भरवशाची, हे पाहायला डॉक्टरांनी प्रत्येक जनावराला दोन्हीकडे टोचलं.

ढवळी गोजरबाईंची. तिचं धारोष्ण दूध त्यांची अशक्त नात राही रोज प्यायची.

"तपासणी होईतो दूध उकळूनच द्या. कच्च्या दुधातून क्षय माणसालाही होतो," डॉक्टरांनी बजावलं.

"व्हय जी," गोजरबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. शेपटीला काहीच नव्हतं. मानेवर मात्र हळद-चुन्याचा जाड लेप होता.

"गोजरबाई, हे काय केलंत?"

"लई सुजलं हुतं सायेब. मुकं जनावर हाय. गरम करून लावलं."

लेप पुसून डॉक्टरांनी मला लावलं. जाडी बरीच भरली. पण खाली कातडी पोळलेली होती.

"आता ही सूज आजाराची की चुन्याची, कसं सांगू? पुन्हा टोचायला दोन महिने थांबावं लागेल. तोवर दूध..."

"उकळते की," त्या घाईने म्हणाल्या. पण छावणीत सरपण कुठे होतं? आणि कच्च्या दुधात ताकद असते, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. मला तेव्हाच भीती वाटली, मित्रांनो. पण मला बोलता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी शेपटी पुन्हा कोरीच राहिली. मान मात्र एवढी फुगली, की माझे जबडे ताणले गेले. ढवळीला क्षय होता. शेपटीची सोपी चाचणी दोन्ही वेळा फसली होती.

डॉक्टर ढवळीला वेगळी बांधायला सांगत होते. गोजरबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी राहीला पुढे ओढलं आणि तिच्या गळ्याभोवतीचं फडकं सोडलं. मानेवर गाठ होती, वर हळद-चुना.

"हिची बी मान मोजा की, सायेब. किती लावलं, उतरंच ना."

डॉक्टरांनी मला खिशात टाकलं, राहीला उचललं आणि ते जीपकडे धावले. तिचं पुढे काय झालं, हे मला कुणी सांगितलं नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. दूध उकळूनच प्या. आणि डॉक्टरांनी टोचलेली जागा सुजली, तर मायेनेसुद्धा तिला हात लावू नका.