पांढरीतली दोन लेकरं

माझी खोड अशी, की मला फार लवकर खात्री वाटते. आणि एकदा वाटली, की समोरचा बोलायला लागला तरी मला राग येतो. वर्गात हे खपून जायचं. पांढरीवर नाही खपलं.

अठ्ठ्याऐंशी साल होतं. अमळनेरला कॉलेजात मी इतिहास शिकवायचो आणि सुट्ट्या लागल्या की धुळे जिल्ह्यात, बुराईकाठच्या मांडळखेड्याला खोदकाम करायचो. गावाबाहेर जुन्या वस्तीचं टेकाड होतं. त्याची माती राखेसारखी पांढरट, म्हणून लोक त्याला पांढरी म्हणत आणि खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत. गाडीवानांशी भांडण्यात माझा निम्मा हंगाम जाई.

खानदेश म्हणजे चौफुली. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, खाली दख्खन. मोठमोठे अभ्यासक म्हणायचे, साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे कोण होतं? येणारे-जाणारे, चार दिवस मुक्काम करणारे. मला हे मान्य नव्हतं. इथे राहती घरं होती, पिढ्यान् पिढ्या माणसं नांदली, हे मला दाखवायचं होतं. त्या काळचे लोक मेलेलं तान्हं मूल दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. वाटसरू असं करत नाही. तसं एक जोडमडकं मला हवं होतं. त्यावर माझा प्रबंध उभा राहणार होता.

तिसऱ्या वर्षी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते सापडलं. काढलं उखर्डूनं. उखर्डू माझा सगळ्यात जाणता मजूर, चाळिशीचा. माती हातात घेऊन तो ती कुठल्या थरातली ते सांगायचा. मडक्याची कड दिसली तेव्हा तो थांबला.

"सर, आठली माती भुसभुशीत शे. कोन्ही तरी आधी खंदेल शे."

"उंदरांची बिळं आहेत," मी म्हणालो. "तू आपला ब्रश चालव."

करड्या रंगाची, हातानं घडवलेली दोन मडकी. पुस्तकात असतात अगदी तशी. आत बारीक हाडं. मांडीची डावी हाडं मोजली तर दोन. जुळं! त्या संध्याकाळी मी पुण्याला, माझ्या गाइडना, चार पानी पत्र लिहिलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

दुसऱ्या दिवशी दुपारी उखर्डूची आई, यशोदाबाई, त्याची भाकर घेऊन आली. हाडं धुऊन मी पांढऱ्या फडक्यावर मांडली होती, शेजारी मडकी. म्हातारीनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि ती हाडांपाशी बसली.

"हाई मनी पोर शे."

म्हणे तिची पोर! मला हसू आलं. खरंच आलं, आज लाज वाटते. "अक्का, ही मडकी साडेतीन हजार वर्षांची आहेत."

"मडकं ऱ्हाई जुनं. पोर मनी शे."

मग तिनं सांगितलं. बारशाआधी मूल गेलं, तर त्याला स्वयंपाकाचं मडकं द्यायचं नाही, दिलं तर घरात पुन्हा मरण येतं, अशी त्यांच्या गावाची समजूत. म्हणून पांढरीत खणताना निघालेली मडकी घ्यायची, लेकरू त्यांत ठेवायचं आणि पुन्हा पांढरीतच पुरायचं. तिच्या सासूनं तसंच केलं होतं.

"त्या मडकामा पहिलेच एक लेकरूना हाडकं व्हतात," ती म्हणाली. "सासू म्हने, ऱ्हाऊ दे, सोबत व्हई."

तरी मी म्हणालो, "पुरावा काय?"

"तिना गळामा भोकना पैसा बांधेल व्हता."

खालच्या मडक्याच्या बुडाशी मातीचा एक घट्ट गोळा होता. तो मी अजून फोडला नव्हता. आता फोडला. हिरवा पडलेला, मधे भोक असलेला तांब्याचा पैसा माझ्या तळहातावर पडला. घासून पाहिलं, तर साल एकोणीसशे चव्वेचाळीस. म्हणजे पोर फार तर चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची होती आणि मी तिला इतिहासपूर्व काळात नेऊन बसवलं होतं.

उखर्डू स्वतःच्या हातांकडे बघत होता. लागोपाठ तीन मुलं गेल्यावर तो जन्मला. मरण फसावं म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव उखर्डू पाडलं. आपल्या थोरल्या बहिणीला त्यानंच ब्रशनं झाडून वर काढलं होतं. त्या दिवशी भाकर तशीच राहिली.

"दोन्ही दी टाका, भाऊ," यशोदाबाई म्हणाली. "इतला वरीस संगे ऱ्हायनात."

आणि इथे माझं डोकं फिरलं. एक मूल तिचं, कबूल. पण दुसरं तर खरोखरचं जुनं होतं! माझी तीन वर्षं, माझा प्रबंध, माझी चौफुली त्या दुसऱ्या मुलात होती. मी म्हणालो, "एक तुमचं, ते घेऊन जा. दुसरं मला लागेल."

"तुमले वळखू ईन?"

"का नाही येणार?"

"सर," उखर्डू म्हणाला, "दी टाका ना दोन्ही."

"तू मधे बोलू नकोस!" तीन वर्षांत मी त्याच्यावर पहिल्यांदा ओरडलो.

मी निवडायला बसलो. काळपट, खरबरीत हाडं जुनी. फिकट, गुळगुळीत ती अलीकडची. अर्ध्या तासात दोन ढीग झाले. एकदाही शंका आली नाही. फिकट ढीग मी यशोदाबाईच्या पदरात घातला. तिनं पदराला गाठ मारली, गाठ छातीशी धरली आणि ती गावाकडे चालू लागली. उखर्डू तिच्या मागोमाग गेला.

काळपट ढीग पुण्याला गेला. प्रयोगशाळेचं पत्र आलं: नमुना अगदी थोडा आहे, वय काढायचं तर सगळाच कुटून वापरावा लागेल, मागे काही उरणार नाही, परवानगी द्यावी. मी त्याच दिवशी सही करून पाठवली. वर 'कृपया त्वरा करावी' असंही लिहिलं.

ऑगस्टमध्ये उत्तर आलं. स्टाफरूममध्ये उभ्यानंच फोडलं. हाडं जुनी नाहीत. फार तर पन्नास वर्षांची. मी तीनदा वाचलं. मी तिची पोर कुटायला दिली होती, सही करून, त्वरा करा म्हणून. आणि तिच्या पदरात कुणा अनोळख्याचं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं मूल घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मांडळखेड्याला गेलो. यशोदाबाईनं घराच्या परसात पुरल्या जागेवर सारवलं होतं, वर हळदकुंकू होतं. मला बसायला गोणपाट टाकलं, चहा दिला.

"आते झोप येस माले, भाऊ," ती म्हणाली. "पोर घर उनी."

मी चहा प्यायलो. पोर घरी आलेली नाही, हे सांगायलाच आलो होतो, पण सांगितलं नाही. कपबशी खाली ठेवली आणि निघालो.

उखर्डू स्टँडपर्यंत आला. लिंबाखाली उभं राहून त्यानं विचारलं, पुण्याहून काय आलं. त्याला मात्र सगळं सांगितलं. मी वाट बघत होतो, की तो शिव्या देईल, हात उगारेल. उगारायलाच हवा होता.

"मायले सांगू नका," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "सर, कुटीसन भुकटी व्हयनी व्हई ना? कितली व्हयनी व्हई?"

"चिमूटभर."

"मंग तितलीच लई या. रातले परसमा पुरी टाकसू. मायले कळाव नही."

एसटी आली. कंडक्टर ओरडत होता. मी पायरीवर पाय ठेवला आणि उखर्डूकडे न बघता त्याला सांगितलं, की तीसुद्धा उरलेली नाही.