काळ्या रेक्झिनची वही

फत्तेसिंग मास्तरांच्या घराण्यात माणसाला मूठमाती देताना त्याचं बायबल छातीवर ठेवायची रीत होती. मे महिन्यात मास्तर गेले, तेव्हा हन्नानं नवऱ्यासाठी ती पाळली. नाताळात लेक प्रिस्किला नवापूरहून आली, तिनं बापाची वही म्हणून पेटीतून काळं बाड काढलं, उघडलं, तर ते बायबल.

हन्नाला अक्षरओळख नाही. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात भिजू नये म्हणून तिनंच हौसेनं वहीला आणि बायबलला एकाच रेक्झिनचं कव्हर शिवलं होतं.

वहीत चाळीस वर्षांची गाणी होती. सुट्टी लागली की मास्तर पाड्यापाड्यांवर जायचे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून लग्नाची, पेरणीची गाणी उतरवून घ्यायचे. लोक त्यांना रिकामटेकडे म्हणायचे. त्या म्हाताऱ्यांपैकी आता एकही उरली नव्हती. नंदुरबारचा एक छापखानेवाला पुस्तक काढायला तयार झाला होता, आणि वही मातीखाली अख्खा पावसाळा काढून बसली होती.

कबर उकरू या, हन्ना म्हणाली. कागदाचा चिखल झाला असेल, लेकीनं हळूच सांगितलं.

मग बायबल मिटताना मागच्या कोऱ्या पानांवर मास्तरांचं अक्षर दिसलं. बायकांची नावं होती, गावासकट. गाणं उतरवून झालेल्या प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. प्रिस्किला मोठ्यानं वाचत गेली. शेवटच्या नावापुढे खूण नव्हती.

"हन्ना. घरचीच आहे, सावकाश घेऊ."

हन्नाला आधी रागच आला. साऱ्या डोंगरातल्या बायांपुढे मांडी घालून बसला, आणि चुलीपाशी बसलेली तेवढी दिसली नाही. मग तिला रडू फुटलं. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लिही," ती म्हणाली.

तिच्या आईचं भात कांडायचं गाणं होतं. तीन ओळी झाल्या आणि ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडली.

"पुढे काय, आई?"

"पुढची ओळ मी नेहमीच विसरायची. भाकरी थापताना अडले की बाहेरून तुझा बाप म्हणायचा."

प्रिस्किलानं तेवढी ओळ कोरी सोडली.