गाळलेली प्रार्थना

माझा नवरा रविकांत कुवेतमधल्या फहाहीलच्या ऑफिसात खुर्चीतच कोसळला आणि गेला. आता त्याची शवपेटी नगरला न्यायची होती आणि त्याआधी शवागाराशेजारच्या खोलीत छोटीशी उपासना होती. ती घेणार होते त्याचे थोरले चुलतभाऊ, सुधीर भावजी. इथली आमची शुक्रवारची मराठी उपासनाही तेच घेतात.

मी वसईची कॅथलिक, सासर प्रॉटेस्टंट. भावजींकडे मी एकच मागणं मागितलं, "रवीच्या आत्म्यासाठी दोन शब्द म्हणा."

"आपल्यात गेलेल्यासाठी प्रार्थना नसते, वहिनी. तो देवाच्या हाती गेला. प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या चर्चच्या पहिल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात होती की! आमच्या लॅटिनमधून घेतलेली. पुढच्या पुस्तकात इंग्रज साहेबांनी गाळली. तुमच्याच रवीने सांगितलंय मला."

रवी हे सांगून खो खो हसायचा. 'आमच्या साहेबाने निम्मी उपासना तुमच्याकडून उचलली, बायबल इंग्रजीत आणतानाही लॅटिन प्रत शेजारी ठेवली, आणि वर तोऱ्यात म्हणाला, आम्ही वेगळे!'

"गाळली ती गाळली," भावजी म्हणाले.

आमच्या चर्चमध्ये फादरना त्याच्या नावाने मिस्सा अर्पण करायला मी सांगणारच होते. पण गेलेल्याला आपल्या माणसांच्या प्रार्थनेचा आधार लागतो, असं आईने लहानपणापासून मनात भरवलेलं. कुवेतमध्ये रवीच्या रक्ताचं भावजींशिवाय होतं कोण? त्याला माझ्या एकटीच्या भरवशावर पाठवताना जीव तुटत होता.

गीत झालं, वाचन झालं, आमच्यासाठी सांत्वन मागून झालं. रवीसाठी अवाक्षर नाही. लोक बाहेर पडले. पर्स राहिली म्हणून मी परत आत गेले, तर भावजी पेटीवर वाकलेले.

"देवा, आमचा रव्या अंधाराला भितो रे. त्याला..."

मला पाहून ते थांबले.

"म्हणा ना भावजी, पुढचं म्हणा."

त्यांनी मान हलवली. एवढा कडक माणूस, हुंदके देऊन रडू लागला. "येत नाही, वहिनी. आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आईने शिकवलेली प्रार्थना मी एकेक ओळ सांगू लागले, ते माझ्यामागून म्हणू लागले. रवीचं नाव आलं तिथे त्यांना आवाज फुटेना. तेवढं नाव मी एकटीनेच घेतलं.