दासोमच्या टाचांखालची चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. चटई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वेताची येईल, पण मी तशी नाही. मी चांगली बोटभर जाड, आत फोम आणि वरून राखाडी रेक्झिन. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात आमच्या इमारतीत लहान मूल असलेल्या घराघरांत माझी एखादी बहीण सापडेलच, कारण इथे वरच्या घरातलं पाऊल थेट खालच्या घराच्या डोक्यावर पडतं. मूल चालायला लागलं की आम्हाला आणतात आणि ते शाळेत जायला लागलं की आमची रवानगी होते. माझ्या वाट्याला मात्र दासोम आली.

दासोम सहा वर्षांची आणि स्वमग्न. बोलत नसे. घरात पाहुणे आले, कुठे भांडं पडलं, की ती माझ्यावर उड्या मारायला लागायची. लोकांना तो व्रात्यपणा वाटे. तिची आई सोल्ही, तिलाही आधी तसंच वाटलं. ती ओरडायची, हात धरून ओढायची आणि मग दोघी रडायच्या. मला मात्र त्या टाचांवरून कळायचं, की ही पोर खेळत नाही, स्वतःला सावरते आहे.

हळूहळू सोल्हीलाही कळलं. तिने ओरडणं सोडलं. जेवणाआधी, बाहेर निघण्याआधी ती स्वतःच मला उलगडायला लागली. लांबलचक समजावणं बंद झालं. रोज तेच शब्द, त्याच सुरात, "आधी उड्या. मग बूट." कपाट उघडून गोंधळ घालण्यापेक्षा ती दोनच सदरे पुढे धरायची. "माझ्याकडे बघ" असा धोशा तिने सोडून दिला, कारण न बघताच दासोमला नीट ऐकू यायचं.

आजी गावाहून आली की कपाळाला हात लावायची. "पोरीचं पार माकड करून ठेवलंस, सूनबाई."

"माकड निदान वेळेवर जेवतं तरी, आई," सोल्ही म्हणायची आणि भाताची वाटी पुढे सरकवायची.

आणि एका सकाळी उड्या संपवून दासोमने घामेजलेला गाल माझ्यावर टेकला आणि ती म्हणाली, "मग बूट." तिचे ते पहिले शब्द ऐकून सोल्हीने धावत येऊन बूट तिच्यापुढे ठेवले. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस.

पण खाली नाम काकू राहायच्या. त्यांचे यजमान रात्री बस चालवत आणि दिवसा झोपत. सोल्ही नाशपातीची पेटी घेऊन माफी मागायला जायची. एकदा काकूच वर आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"दासोमची आई, फळं पुरे झाली. फळं खाऊन झोप येत नाही हो."

"मी अजून एक चटई घालते, काकू."

"घाला. पण काल ह्यांना गाडी चालवताना डुलकी लागली. मागे माणसं बसलेली असतात."

त्या बाईचं काय चुकलं होतं, ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

मग सोल्हीने ज्या रीतीने बूट शिकवले, त्याच रीतीने उड्या सोडायला शिकवलं. टाच उचलली की खांद्यावर हात, तेच शब्द, तोच सूर. "दासोम, बसू या." बसली की हातावर तांदळाची कुरकुरीत चकती. पोर हुशार, थंडी सरायच्या आत शिकली. घर शांत झालं.

"आता कशी माणसांत आली," आजी म्हणाली.

नाम काकू तर स्वतः नाशपाती घेऊन वर आल्या. "किती गुणाची हो तुमची लेक! हे आता घोरतात, म्हणजे बघा."

सोल्हीने दोन्ही हातांनी पेटी घेतली, कमरेत वाकून आभार मानले. दार उघडण्याआधी तिने दासोमची बाही मनगटावर ओढून घेतली होती. बाहीखाली तिच्याच दातांच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. आणि "मग बूट" हे शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आले नाहीत.

माझी गरज संपली. आज सकाळी माझ्यावर पालिकेची कचऱ्याची चिठ्ठी डकवून मला लिफ्टपाशी उभं केलं. घराचं दार उघडंच होतं. शेजारी कुणीतरी भिंतीत ड्रिल लावलं. दासोम माझ्या रिकाम्या जागेवर येऊन उभी राहिली आणि तिच्या टाचा वर उचलल्या गेल्या. सोल्ही आत भांडी घासत होती. दासोमने आईच्या सुरात स्वतःलाच सांगितलं, "दासोम, बसू या." आणि ती मनगट तोंडात धरून खाली बसली.

मित्रांनो, खालच्या माणसाला झोप हवीच. पण मुलाची एक वाट बंद करायची वेळ आली, तर आधी दुसरी उघडून द्या. त्याला भिंत ढकलू द्या, तांदळाची जड पिशवी उचलू द्या, घट्ट कुशीत दाबून धरा. दासोमच्या टाचांनी मला हे केव्हाच सांगितलं होतं. सोल्हीला ते सांगायचं राहून गेलं, आणि खाली कचऱ्याचा ट्रक येऊन उभा राहिला आहे.