क्लुगेसाहेबांचं ‘या, या’

कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षी, दिवाळीनंतर, सुनेत्राबाईंच्या ओटीवर एक जर्मन गृहस्थ येऊन बसले. नाव आर्नो क्लुगे. त्यांच्या गावी त्यांचं लहानसं प्रकाशन होतं, वडिलांकडून आलेलं. लोकांची पुस्तकं छापायची आणि उरलेल्या वेळात कुठली गोष्ट कुठून निघून कुठे पोचली त्याचा इतिहास लिहायचा, यातच त्यांची साठी उलटली. लग्न करायचं राहूनच गेलं.

सुनेत्राबाई निवृत्त शिक्षिका. फणसपोळी थापताना बायका सांगत त्या गोष्टी त्यांनी पार केळशीपर्यंत हिंडून लिहून काढल्या होत्या. पुण्याच्या प्रकाशकांनी बाड साभार परत केलं. आता आशा होती ती या पाहुण्यांचीच, आणि ते संध्याकाळच्या गाडीने निघणार होते.

“जी कथा म्यां कानीं ऐकिली नाही, ती म्यां छापिली नाही,” क्लुगेंनी आधीच सांगितलं. मराठी ते जुन्या पुस्तकांतून शिकले होते.

बाईंनी चष्मा पुसून ‘बगळा जावई’ वाचायला घेतली. बगळा खेकड्यांकडे पहिल्यांदा सासुरवाडीला निघतो, तिथेच क्लुगे रंगले. रंगले की ते मराठी विसरत आणि मान डोलवत आपल्या भाषेत हो म्हणत. “या, या.”

नारळ पाडायला निघालेला धोंडू फाटकाशी थबकला. “मला बोलावलंत?” म्हणत पायरीवर येऊन टेकला.

“या, या,” क्लुगे पुढच्या वाक्याला म्हणाले. शेजारची सोनूबाई हात पुसत आली. “पाहुणे एवढं बोलावतायत, नाही कसं म्हणायचं?”

“अगं, बोलावत नाहीत. त्यांच्यात ‘या’ म्हणजे हो.”

“मग ‘या’ला काय म्हणतात?”

आतून यजमान, दत्तात्रेयराव, डोकावले. “चहा किती टाकू?”

“तुम्ही आत जा हो.”

“ते या म्हणतात, तू जा म्हणतेस. मी नक्की कुठे उभा राहू?”

एवढ्यात मासळीची पाटी उतरवून सगुणाही बसली. “लग्न नाय केलंत? मग जावयाचे हाल तुम्हाला काय कळणार?”

“या, या,” क्लुगे म्हणाले.

बगळा केव्हापासून उंबऱ्यातच अडकला होता आणि ऊन कलत आलं होतं. अखेर बाईंनी कागद खाली ठेवले आणि गोष्ट सरळ सांगायलाच घेतली. धोंडू ‘हूं’ म्हणू लागला, मग सगळेच. खेकडीण सासू दारात येऊन म्हणाली, “जावईबापू, चोच बाहेर ठेवा आणि मग आत या.” ओटी हसली. मनातल्या मनात भाषांतर उरकून क्लुगेही हसले, जरा उशिरा, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

दारात रिक्षा आली. बाड हातात देताना बाईंनी विचारलं, “छापाल ना?”

“या.”

बाईंचा चेहरा उतरला. “आता कुठे येऊ? माझा पासपोर्टसुद्धा नाही.”

“बाई,” सोनूबाई हळूच म्हणाली, “दुपारभर तुम्हीच शिकवलंत ना? हो म्हणाले ते.”

सुनेत्राबाई मटकन झोपाळ्यावर बसल्या. बाड छातीशी धरून क्लुगे रिक्षात चढले आणि वळून हात जोडले. “लोभ असावा. येतों.”

तेव्हा धोंडूपासून दत्तात्रेयरावांपर्यंत सगळी ओटी एका सुरात म्हणाली, “या, या.”